पुस्तकाचा अधिकारी कोण?

दादर-गिरगावातल्या वाचनालयांच्या बालविभागांना हा प्रसंग नवा नाही. सातवीतला मुलगा नारायण धारपांची भयकथा देवघेवीच्या टेबलावर ठेवतो आणि मागून आई म्हणते, "मॅडम, हे नको. काहीतरी चांगलं द्या ना." मॅडमच्या एका हातात मुलाचं कार्ड, दुसऱ्या हातात तारखेचा शिक्का, रांगेत आणखी चौघं. चांगलं म्हणजे काय आणि ते कोणी ठरवायचं, याचा निकाल त्यांना शिक्का मारण्याआधी लावायचा असतो.

या प्रश्नावर थोरामोठ्यांनी भरपूर शाई खर्च केली आहे. प्लेटोच्या आदर्श नगरात मुलांच्या कानावर कोणत्या गोष्टी पडाव्यात हे राज्यकर्ते ठरवणार होते. होमरलाही कात्री लागणार होती. रूसो त्याच्याही पुढचा. 1762च्या ‘एमिल’मध्ये त्याने ला फॉन्तेनच्या बोधकथासुद्धा मुलांना नकोत म्हटलं. कावळ्याला फसवून चीज पळवणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट ऐकली की मूल कोल्ह्याचीच बाजू घेतं, ही त्याची तक्रार. एमिलच्या कपाटात त्याने सुरुवातीला एकटा रॉबिन्सन क्रूसो ठेवला. (तक्रार अगदीच खोटी नाही. ही गोष्ट ऐकून कावळा व्हावंसं वाटलेलं पोर कुणी पाहिलंय?)

आपल्याकडे हाच प्रश्न अधिकाराच्या नावाने आला. वेदान्ताच्या ग्रंथात तो वाचण्याचा अधिकारी कोण, हे आरंभीच सांगून टाकण्याची रीत होती. तयारी नसलेल्याच्या हाती अवघड ग्रंथ देऊ नये, इथपर्यंत त्यात शहाणपण होतं. पण तयारी मोजायचं माप जन्म ठरलं आणि शहाणपणाचं कुलूप झालं. गीतेच्या शेवटी कृष्णही म्हणतो, की ज्याच्याकडे तप नाही, भक्ती नाही, ऐकायची इच्छा नाही, जो माझी निंदा करतो, त्याला हे सांगू नकोस. या यादीत ना जात आहे ना वय. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये तीच गीता मराठीत आणली आणि तीन वर्णांपुरताच बोलणाऱ्या वेदाला कंजूष ठरवलं. परंपरेचा हिशेब धरला तर तेव्हा त्यांचं वय पंधराच्या आसपास. आजच्या एखाद्या वाचनालयात त्यांना कुमार सभासदाचं कार्ड मिळालं असतं, आणि गीतेवरची भाष्यं मोठ्यांच्या विभागात राहिली असती.

कठोपनिषदातला नचिकेत तर पोरगाच. माणूस मेल्यावर उरतो की नाही, असं त्याने विचारलं तेव्हा यमाने हत्ती, घोडे, सोनं, दीर्घ आयुष्य, सगळं देऊ केलं, पण हे विचारू नकोस म्हणाला. आजोबा गेल्यावर नातवाने असंच काही विचारलं की घरातली माणसं त्याच्या हातात मोबाइल देतात, त्यातलाच हा प्रकार. पोर हटत नाही म्हटल्यावर यम बोलू लागतो आणि सुरुवात करतो ती श्रेय आणि प्रेय, म्हणजे हिताचं आणि आवडीचं, यांच्या फरकाने. गोम अशी, की हा फरक तो आधी सांगत नाही. आधी प्रेय समोर मांडतो, निवड पोर करतं, मग शिकवण येते. लहान आहेस म्हणून सांगत नाही, असं तर तो एकदाही म्हणत नाही.

असं म्हणणारा बाप मात्र परळच्या चाळीत होता. सुभेदार रामजी आंबेडकर वाईट बाप नव्हते. मुलाच्या पुस्तकांसाठी लेकीचे दागिने गहाण टाकणारे, रात्री दोनपर्यंत जागून मग भीमाला अभ्यासाला उठवणारे. मुलांकडून ते रामायण-महाभारत वाचून घेत. इकडे चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसणारा भीमा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेत भरला होता. 1907 साली तो मॅट्रिक झाला, सी. के. बोल्यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. ते मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक नव्हतं. सोळा वर्षांच्या पोराने ते वाचलं आणि वडिलांना विचारलं, ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी सांगणारे ग्रंथ आम्हाला का वाचायला लावता? तुम्ही पोरं आहात, सांगितलं तेवढं करा, हे पहिलं उत्तर. काही दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं तेव्हा वडील तयारी करून बसले होते: आपण अस्पृश्य, मनात न्यूनगंड येतो, द्रोण आणि कर्ण कुठून कुठे चढले ते बघा. 1956च्या एप्रिलमध्ये, दीक्षेच्या सहा महिने आधी, बाबासाहेबांनी पुस्तकाची ही भेट आणि वडिलांची दोन्ही उत्तरं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत नोंदवली.

केळुसकरांनी रामायण काढून घेतलं नाही, शेजारी आणखी एक पुस्तक ठेवलं. बालविभागातल्या ग्रंथपालाचं काम ते हेच. धारप द्यायचा, आणि पुढच्या खेपेला "हा आवडला ना, मग हे बघ" म्हणून दुसरं पुढे करायचं. आईला आपल्या मुलापुरता नकार द्यायचा हक्क आहे. ते पुस्तक कपाटातून काढा म्हणायचा नाही, कारण तिथे इतरांचीही मुलं येतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या 1931च्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं आहे. वाचक केवढा असावा ते नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने तर 1967 मध्ये आपल्या हक्कनाम्यात वयाचा उल्लेखच घातला: वयावरून वाचकाला अडवू नये.

आपल्याकडे अडचण धारपांची कमी आणि नियमावलीची जास्त आहे. बाल सभासदाला मोठ्यांच्या विभागातलं पुस्तक मिळणार नाही, असं एखाद्या वाचनालयात असलं की नववीतल्या मुलीला जाडजूड बुद्धचरित्र हवं असलं तरी तिच्या वाट्याला चित्रांचं, पातळ पुस्तक येतं. मग ती दहावीच्या नावाने मंडळाच्या अभ्यासिकेत जाऊन बसते, गाइड आणि प्रश्नसंच घेऊन. हा नियम बदलायला सरकारकडे अर्ज करावा लागत नाही. कार्यकारिणीच्या सभेत ठराव पुरतो: बाल सभासदाने मागितल्यास आणि ग्रंथपालाला योग्य वाटल्यास मोठ्यांच्या विभागातलं एक पुस्तक त्याच कार्डावर द्यावं.