मांड बदलताना

मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या, जगात ऑक्टोबर उजाडला की रंग बदलतात. अमेरिकेतला मोसम जानेवारीत स्टेडियममधल्या सुपरक्रॉसने सुरू होतो, उन्हाळ्यात डोंगरउतारांवरच्या मातीत उतरतो आणि सप्टेंबरअखेर संपतो. जागतिक अजिंक्यपदाची मालिकाही त्याच सुमारास आटोपते. मग काल हिरव्या गाडीवर पाहिलेला माणूस आज नारिंगी जर्सीत उभा दिसतो. लाल म्हणजे होंडा, निळी यामाहा, हिरवी कावासाकी, पिवळी सुझुकी, नारिंगी केटीएम. चाहत्यांच्या मनात माणूस आणि रंग इतके एकजीव झालेले असतात की पहिला फोटो पाहताना डोळ्यांना पटतच नाही.

2025 संपता संपता तर उलथापालथच झाली. नेदरलँड्सचा जेफ्री हर्लिंग्ज 2010 पासून केटीएमवर होता, त्याची पाचही जागतिक अजिंक्यपदं त्याच नारिंगी गाडीवरची. तो होंडाकडे गेला. स्लोव्हेनियाच्या टिम गायसरचीही पाच अजिंक्यपदं, सगळी होंडावरची. तो यामाहाकडे गेला. अमेरिकेत एली टोमॅकने यामाहा सोडून केटीएम घेतली. चेस सेक्स्टन केटीएमवरून कावासाकीवर आला आणि स्पेनचा होर्हे प्राडो कावासाकीवरून केटीएमवर.

या बातम्या वाचताना मला वडिलांचं डावं मनगट आठवलं. आमच्याकडे वर्षानुवर्षं बजाज चेतक होती. तिचे गिअर डाव्या हाताच्या मुठीत. पुढे स्कूटर विकून मोटरसायकल घेतली, तिचे गिअर पायाशी. चढ आला की कित्येक दिवस वडिलांचं डावं मनगट आपोआप वळायचं, आणि मुठीत काहीच नसायचं. गाडी नवी होती, पण हात जुन्याच गाडीवर बसलेला होता. आपल्या भाषेत ‘अंगवळणी पडणं’ हा फार नेमका शब्दप्रयोग आहे. काही गोष्टी डोक्याला माहीत नसतात, अंगाला माहीत असतात.

मोटोक्रॉसच्या स्वाराचं सगळं भांडवल या अंगवळणातच आहे. हवेत असताना विचार करायला वेळ मिळत नाही. मागचा ब्रेक किती दाबला की गाडीचं नाक खाली येईल, उतरताना पुढचं सस्पेन्शन कुठवर दबेल, वळणाच्या खाचेत चाक कधी घसरेल, हे गुडघ्यांना आणि तळव्यांना कळलेलं असतं. गाडी बदलली की हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. टोमॅकचंच बघा. होंडा, कावासाकी, यामाहा या त्याच्या आधीच्या गाड्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या. केटीएमचा सांगाडा पोलादी. तो वेगळा लवतो, मातीचा धक्का वेगळ्या तऱ्हेने हातापर्यंत पोचवतो. मग हिवाळाभर सरावाच्या ट्रॅकवर हँडलबार मिलिमीटरने पुढे-मागे होतात, सस्पेन्शन पुन्हा पुन्हा उघडून बसवलं जातं. नवा मेकॅनिक आपल्या स्वाराचा चेहरा वाचायला शिकतो. लोकांना फोटो दिसतो, ही मेहनत दिसत नाही.

आणि ती नेहमी फळते असंही नाही. जेरेमी मॅकग्राथची गोष्ट म्हणूनच मला सारखी आठवते. 1993 ते 1996 अशी सलग चार वर्षं तो होंडावर सुपरक्रॉसचा विजेता होता. 1996 मध्ये तर 15 पैकी 14 शर्यती त्याने जिंकल्या. विशेष म्हणजे या सगळ्या काळात त्याने 1993 चाच सांगाडा धरून ठेवला होता, कारण तो त्याच्या अंगाला बसला होता. 1997 साठी होंडाने ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची नवी गाडी आणली. ती त्याला रुचली नाही, कराराची बोलणीही फिसकटली, आणि मोसम तोंडावर आलेला असताना तो सुझुकीवर गेला. त्या वर्षी सुपरक्रॉसच्या फक्त दोनच शर्यती त्याला जिंकता आल्या. ज्याच्या पुढे कुणी जात नव्हतं, त्याचा मुकुट कावासाकीच्या जेफ एमिगने नेला.

पुढच्या वर्षी तो यामाहाकडे गेला आणि 1998, 1999, 2000 अशी आणखी तीन अजिंक्यपदं मिळवून सातावर पोचला. त्याचं कौतुक लोक या साताच्या आकड्यासाठी करतात. मला मात्र मोठं वाटतं ते मधलं जवळजवळ कोरडं 1997. सर्वांत वेगवान माणसाने शनिवारमागून शनिवार दुसऱ्याच्या मागे शर्यत संपवायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरुवातीच्या फाटकाशी उभं राहायचं, आणि आपलं चुकलं हे ओळखून पुन्हा एकदा गाडी बदलायची. याला जिंकण्यापेक्षा जास्त छाती लागते.

संघ सोडला की लोक पटकन पैशाचं नाव घेतात. पैसा असतोच, आणि हाडं मोडून घेणाऱ्या माणसाने तो मागावा यात मला गैर वाटत नाही. पण सगळी कारणं पैशाची नसतात. रायन डंजीने 2010 मध्ये सुझुकीवर सुपरक्रॉस आणि मोटोक्रॉस ही दोन्ही अजिंक्यपदं मिळवली. त्याच्या संघाचे सूत्रधार होते रॉजर डी कॉस्टर, बेल्जियमचे, स्वतः पाच वेळा जगज्जेते. ते केटीएमकडे गेले आणि 2012 च्या मोसमासाठी डंजीही त्यांच्या मागोमाग गेला. तेव्हा अमेरिकेत मोठ्या इंजिनाच्या गटात केटीएमच्या नावावर एकही अजिंक्यपद नव्हतं. त्याच वर्षी डंजीने मोटोक्रॉसचं मिळवून दिलं, 2015 मध्ये सुपरक्रॉसचंही. बाहेरून ती रंगाशी बेइमानी दिसली असेल. त्याने गाडी सोडली, पण गुरू सोडला नाही.

गाडीची बाजूही स्थिर असते असं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएम दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती. ऑस्ट्रियाच्या त्या कंपनीचा ताबा वर्षभराने पुण्याच्या बजाज ऑटोकडे आला. म्हणजे टोमॅक ज्या नारिंगी गाडीवर चढला, तिची मालकी आता आकुर्डीशी बांधलेली आहे. माझ्या वडिलांची चेतकही तिथलीच. हे वाचलं तेव्हा मी पेपर थोडा वेळ बाजूला ठेवला.

या गाड्या बदलण्याच्या मोसमात ज्यांना कुणीच बोलावत नाही त्यांचाही विचार मनात येतो. शर्यतीच्या फाटकाशी चाळीस जण उभे राहतात, कंपन्यांच्या संघांतल्या जागा मात्र मोजक्या. बाकीचे स्वतःची गाडी स्वतः व्हॅनमध्ये चढवून, स्वतः टायर बदलून पुढच्या जानेवारीची तयारी करतात. त्यांच्या ऑक्टोबरची बातमी होत नाही, आणि ती व्हायला हवी.

या सगळ्या रंगबदलात एक गोष्ट स्वाराबरोबर जाते, ती म्हणजे त्याचा क्रमांक. गायसरचा क्रमांक 243. टिमचा जन्म होण्याआधीच त्याचा मोठा भाऊ लहानपणी गेला. त्या भावाचा जन्मदिवस 24 मार्च, त्यावरून हा आकडा. होंडाची लाल गाडी बारा वर्षांनी मागे राहिली. 2026 मध्ये निळ्या यामाहाच्या पुढच्या पाटीवर आकडा तोच आहे, 243.