थांबणारं झाड

टोमॅटोचं खोड सरळ वर चढत जातं असं दिसतं, पण खरी वाढ तशी नसते. पहिला शेंडा आठ-दहा पानं देतो आणि स्वतःच फुलांचा घोस होऊन संपतो. मग घोसाखालच्या पानाच्या बेचक्यातला डोळा फुटतो, साधारण तीन पानं काढतो आणि तोही घोसात संपतो. त्याच्या खालचा डोळा पुढे येतो. आपण काठीला बांधतो ते ‘मुख्य खोड’ म्हणजे अशा संपलेल्या शेंड्यांची साखळीच असते. वेलासारखा माणूसभर उंच जाणारा टोमॅटोही दर तीन पानांनी थांबतोच, फक्त दर वेळी त्याला वारस मिळतो.

झुडपी टोमॅटोत फरक एवढाच की दोन घोसांमधली पानं हळूहळू कमी होत जातात. शेवटी घोसाला लागून घोस येतो आणि तिथे वंश खुंटतो. ज्या जनुकातल्या बदलामुळे हे होतं त्याला ‘सेल्फ-प्रूनिंग’ म्हणतात. असं झाड १९१४ साली अमेरिकेत फ्लोरिडात आढळलं. त्याची किंमत पुढे कॅलिफोर्नियात वसूल झाली. यंत्राने टोमॅटो काढायचा तर सगळं पीक एकदम पिकायला हवं, आणि थांबणारं झाड नेमकं तेच करतं. तिथल्या डेव्हिसच्या विद्यापीठात जॅक हॅना यांनी यंत्रासाठी वाण घडवला आणि कोबी लॉरेन्झन यांनी यंत्र. एकरच्या एकर एका फेरीत काढता यावेत म्हणून जोपासलेला हा गुण आपल्या चार फुटी बाल्कनीलाही सोयीचा पडला, ही गंमतच.

मात्र कुंडीत हे झाड लावायचं तर त्याचा हिशेब समजून घ्यावा लागतो. बगलेतले फुटवे खुडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो वेली जातीसाठी ठीक आहे, कारण तिथे एक फुटवा गेला तरी शेंडा पुढे फळत राहतो. झुडपी झाडाचे फुटवे म्हणजेच त्याचे घोस. ते खुडले की तेवढं पीक गेलं, भरपाई नाही. जमिनीला टेकलेली खालची पानं काढावीत, बाकी हात आवरावा.

घोस मोजकेच, म्हणून सुरुवात दणकट हवी. पंधरा-वीस लिटर मातीची कुंडी किंवा भोक पाडलेला तेलाचा डबा, सहा तास ऊन आणि मातीत आधीच मिसळलेलं शेणखत किंवा गांडूळखत. रोप खोल लावावं, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. फुलं लागल्यावर नत्र ओतून पानांचा पसारा वाढवण्यात अर्थ नाही. पाण्याचं मात्र उलट, फळं फुगू लागली की त्यातच शिस्त हवी. कुंडी एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब झाली, तर कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही आणि बूड काळं पडतं. लोक औषध शोधत फिरतात. बहुतेकदा दोष पाणी घालण्याच्या वेळापत्रकात असतो. काठीची गरज नाही, असं बियांच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यावरही फार विसंबू नये. एकदम लगडलेल्या फळांनी फांदी मोडते.

तोडणी आटोपत आली की पानं पिवळी पडतात. हा बहुधा रोग नसतो, काम संपल्याची खूण असते. अशा झाडाला खत घालून जगवत बसण्यापेक्षा दुसरं रोप तयार ठेवणं शहाणपणाचं. पुण्या-नाशिककडे पावसाचा जोर ओसरल्यावर, म्हणजे ऑगस्टअखेरीस, पहिलं बी टाकावं. मग तीन-तीन आठवड्यांनी दोन-दोन रोपं, नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतर फार उशीर केला तर रोपांची फुलं एप्रिलच्या तडाख्यात सापडतात आणि उन्हाने परागकण निकामी झाले की फळ न धरता गळून जातात.