नव्याण्णव आणि एक

(वाचण्याचा भाग: लूक १५:३–७)



मृग लागण्याच्या आधीं दिग्रसजवळच्या एका खेड्यांत मी भेटीस गेलों होतों. तेथील आपल्या एका वृद्ध शेतकरी बंधूचा ढवळ्या बैल दोनच दिवसांपूर्वीं सर्पदंशानें मेला होता. त्याचा जोडीदार पवळ्या गोठ्यांत एकटा उभा होता. त्या बंधूच्या नातवानें मोबाइलवर कर्नाल येथील वासराचें वृत्त वाचलें होतें. म्हातारा मला म्हणाला, "पाळकसाहेब, जनावराच्या कातडींतून हुबेहूब तसेंच जनावर करतात म्हणे. मग माझा ढवळ्या परत येईल काय? आणि हें जर माणसाला जमतें, तर देवाजवळ निराळें काय उरलें?"

त्यास जें उत्तर दिलें तें सर्व मंडळ्यांकरितां येथें लिहितों.

प्रथम, जें खरें तें खरें म्हणूं. ५ जुलै १९९६ रोजीं स्कॉटलंडांतील रोझलिन संस्थेंत डॉली नांवाची मेंढी जन्मली. इयान विल्मट, कीथ कॅम्पबेल व त्यांचे सहकारी ह्यांनीं सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेंतील पेशी घेतली; दुसऱ्या मेंढीच्या बीजांडांतील केंद्रक काढून त्यास ती जोडली, आणि तो गर्भ तिसऱ्या मेंढीच्या उदरांत वाढविला. असा जोड २७७ वेळां झाला. जिवंत कोंकरूं एकच निपजलें.

ह्यांत एवढें मोठें तें काय? उंसाच्या कांडीपासून ऊंस व केळीच्या मुनव्यापासून केळ होते, हें तुम्ही जाणतां. परंतु जी पेशी एकदां कातडें किंवा कास झाली, ती संबंध प्राणी घडविण्यास पुन्हा उपयोगी पडेल, असें सस्तन प्राण्यांविषयीं फार थोड्यांस वाटत होतें. डॉलीवरून कळलें कीं, जवळजवळ प्रत्येक पेशींत संबंध ग्रंथ शाबूत असतो. तो केवळ आपापल्या पानावर उघडलेला असतो. बीजांडांतील द्रव्य तो मिटून पुन्हा पहिल्या पानावर उघडूं शकतें.

आपल्या देशांतही हें घडलें. कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेंत ६ फेब्रुवारी २००९ रोजीं म्हशीचें असें पहिलें वासरूं जन्मलें. तें थोडेच दिवस जगलें. ६ जून २००९ रोजीं गरिमा जन्मली. पुढें २०१० सालीं गरिमा-२ झाली, व जानेवारी २०१३ मध्यें तिनें महिमा ह्या वासरास जन्म दिला. मार्च २०२३ मध्यें गीर जातीची गंगा जन्मली. चांगल्या वळूंची वाण भरून काढणें व दुर्मिळ होत चाललेल्या जाती राखणें, हा ह्या विद्येचा उपयोग होय. आपल्या विदर्भाची गवळाऊ गाय व नागपुरी म्हैस ज्यांनीं पाळल्या आहेत, त्यांस जातिवंत जनावराची किंमत सांगावयास नको. मात्र सारीं जनावरें एकसारखीं झालीं, तर एकच रोग सर्वांस सारखाच भोंवेल. म्हणून ही विद्या जपून वापरावयाची आहे.

आतां म्हाताऱ्याचे दोन प्रश्न.

माणूस निर्माणकर्ता झाला काय? नाहीं. शास्त्रज्ञांनीं पेशी केली नाहीं, बीजांड केलें नाहीं, उदरही केलें नाहीं. जें होतें त्याची मांडणी बदलली. उपदेशक बंधूंनो, ह्यास्तव शास्त्रज्ञांची निंदा करूं नका. देवानें लिहिलेलें वाचणें हें पाप नव्हे. परंतु वाचणाऱ्यास कोणी ग्रंथकर्ता म्हणूं लागला, तर त्याची समजूत घाला.

ढवळ्या परत येईल काय? नाहीं. पेशी वेळेवर काढून जतन केली असती, तरी निपजलें असतें तें उशिरा जन्मलेलें जुळें भावंड. २००१ सालीं टेक्सास येथें अशा रीतीनें एक मांजर जन्मलें. त्याच्या अंगावरचे रंगही मूळ मांजरीसारखे पडले नाहींत. मग ज्या बैलानें अकरा वर्षें तुमची हांक ओळखली, ती ओळख नव्या वासरांत कोठून येणार?

येथेंच आपल्या वाचनाचा भाग उघडून पाहा. मेंढपाळाजवळ नव्याण्णव मेंढरें होतीं. तसलेंच एखादें विकत आणून त्यास शंभरांचा आंकडा पुरा करतां आला असता. त्यानें तसें केलें नाहीं. जें हरवलें होतें, तेंच शोधावयास तो रानांत गेला. देव माणसाची नक्कल करून ठेवीत नाहीं. तो त्याच माणसास शोधतो. आपली पुनरुत्थानाची आशा हीच आहे. ज्या माउलीचें मूल मातींत ठेविलें आहे, तिला तसलेंच दुसरें मूल देऊं, असें प्रभूनें सांगितलें नाहीं. तिचें तेंच मूल तो तिच्या हातीं देईल.

हें ऐकून म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तें समजलें, साहेब. पण पेरणीचें काय?"

ह्या प्रश्नाचें उत्तर प्रयोगशाळेंत नव्हतें आणि केवळ माझ्या उपदेशांतही नव्हतें. रविवारीं उपासनेनंतर मीं ती गोष्ट मंडळीपुढें ठेविली. एका बंधूनें आपला बैल पवळ्याच्या जोडीस पेरणीपुरता देऊं केला. दुसऱ्यानें तिफण धरण्याचें कबूल केलें. बंधूंनो, तुमच्या गांवींही कोणाचा गोठा रिकामा असेल. एकास शोधीत जाणाऱ्या मेंढपाळाचे आपण आहों. तर पाऊस पडण्यापूर्वीं त्या घरीं जा. आमेन.