अन्नाचे व्रत
(गणेशोत्सवातील प्रवचन)

॥ श्री गणेशाय नमः ॥



मंगलमूर्तीच्या चरणी वंदन करून आजच्या निरूपणासाठी मी तैत्तिरीय उपनिषदातली भृगुवल्ली घेतली आहे. भृगू आपल्या वडिलांकडे, वरुणाकडे जातो आणि म्हणतो, मला ब्रह्म सांगा. वडील म्हणतात, तप कर. तप केल्यावर मुलाला पहिली गोष्ट कळते ती ही, की अन्न हेच ब्रह्म. पुढे तो प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत आनंदापर्यंत पोहोचतो. आम्ही प्रवचन करणारी माणसेही त्याच्यामागून लगबगीने आनंदापर्यंत जातो आणि तिथेच समाप्ती करतो. पण ऋषी तिथे थांबत नाहीत. आनंद सांगून झाल्यावर ते पुन्हा स्वयंपाकघरात येतात आणि चार व्रते सांगतात. अन्नाला नावे ठेवू नयेत. अन्न टाकू नये. अन्न पुष्कळ करावे. आणि वस्तीला आलेल्या कोणालाही नाही म्हणू नये.

यातली दुसरी आणि चौथी, अशी दोन व्रते मी एकाच उत्सवात मोडली आहेत. ते आज तुमच्यासमोर सांगायचे आहे.

२०१७ साली गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती. आपण इथे इंग्लंडात प्राणप्रतिष्ठेच्या गडबडीत होतो. त्याच दिवशी पहाटे म्यानमारच्या राखाइन प्रांतात एका सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि त्यानंतर लष्कराने रोहिंग्यांची गावेच्या गावे पेटवली. या लोकांना त्या देशाच्या १९८२ च्या कायद्याने नागरिकत्वच नाकारलेले. माणसे चिखलातून, पावसातून, नाफ नदी ओलांडून बांगलादेशात निघाली. आपले विसर्जन होईपर्यंत लाखाहून अधिक माणसे पलीकडे पोहोचली होती, आणि पुढच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक. निम्म्याहून जास्त मुले.

आपल्या महाप्रसादाच्या दिवशी मसालेभात उरला. स्वयंपाकघरातून वहिनींनी हाक मारली, “भाऊजी, अख्खं पातेलं भरून भात राहिलाय, काय करू?” हॉलची वेळ संपत आली होती. मी म्हटले, “टाका.” घरी येऊन टीव्ही लावला, तर टेकनाफच्या रस्त्यावर एका ट्रकमधून लोक पाकिटे फेकत होते आणि खाली बायका मुलांना कडेवर घेऊन हात वर करून उभ्या होत्या.

पुढच्या बैठकीत एका तरुण सभासदाने सुचवले, की अन्नदान निधीतला काही भाग तिकडे पाठवावा. कोणी म्हणाले, ते आपले नव्हेत. कोणी म्हणाले, आधी महाराष्ट्रातला शेतकरी बघा. कोषाध्यक्ष म्हणाले, आपल्या संस्थेच्या घटनेत ते बसत नाही. कोषाध्यक्षांचे म्हणणे रास्तच होते. मी काय म्हणालो? मी काहीच म्हणालो नाही. रंतिदेवाची कथा दर दोन वर्षांनी सांगणारा मी, गप्प बसलो.

रंतिदेव राजा भागवताच्या नवव्या स्कंधात येतो. अठ्ठेचाळीस दिवस त्याच्या पोटात पाणीसुद्धा नाही. एकोणपन्नासाव्या दिवशी थोडे अन्न मिळते आणि तो कुटुंबासह जेवायला बसतो. तेवढ्यात ब्राह्मण येतो, मग शूद्र येतो, मग कुत्री घेऊन एक जण येतो, आणि अन्न संपते. राहिलेले पाणी तो एका चांडाळाला देतो. कथेत राजा एकालाही विचारत नाही, की तू कोणाचा, कुठला, तुझ्या लोकांनी पूर्वी काय केले. आपण मात्र शेवटी देव प्रकट झाले यावर जोर देतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचेही तेच करतो. विठू महार मोहोरा घेऊन बेदरला गेला, हे रंगवून सांगतो. पण त्याआधी एका माणसाने बादशहाचे कोठार उघडायची छाती केली, ते दोन वाक्यांत उरकतो.

भुकेल्याला अन्न देणे वाटते तितके सोपे नाही, हे मला त्यानंतर वाचताना कळले. नदी ओलांडून आलेल्या बाईला तांदळाचे पोते देऊन उपयोग नाही. तिच्याजवळ पातेले नाही, सरपण नाही, प्यायलासुद्धा धड पाणी नाही. म्हणून पहिल्या दिवसांत जीवनसत्त्वे घातलेली बिस्किटे आणि शिजवलेली खिचडी. मग तांदूळ, डाळ, तेल. त्यानंतर शिधापत्रिकेसारखे कार्ड, म्हणजे छावणीतल्या दुकानातून आपल्याला हवे ते निवडून घेता येते. जी बाई कालपर्यंत रांगेत हात पसरून उभी होती, ती आज ‘ही डाळ नको, ती द्या’ म्हणते. यात मला फार मोठा मान दिसतो. मूल अगदीच खंगलेले असेल तर त्याला एकदम पोटभर घालायचेही नसते, ते जिवावर बेतते. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, खास शेंगदाण्याचे औषधी वाटण द्यावे लागते.

आणि सरपण! लाखो चुलींसाठी डोंगर उघडे झाले. कुतुपालोंगची छावणी वसली ती हत्तींच्या जुन्या वाटेवर. रात्री हत्ती आले आणि झोपड्यांतली माणसे चिरडली गेली. गजमुखाच्या उत्सवात हे सांगताना अंगावर काटा येतो, पण त्यात हत्तींचाही दोष नाही, त्यांचेही घर गेले होते. पुढे निर्वासितांमधलेच स्वयंसेवक मचाणांवर पहारा देऊ लागले आणि २०१८ पासून गॅसच्या टाक्या वाटल्या गेल्या, तेव्हा डोंगरावर पुन्हा हिरवे दिसू लागले.

‘त्यांनी कामधंदा करावा, किती दिवस फुकट खाणार?’ हा प्रश्न आपल्याकडे चहाच्या वेळी हमखास येतो. छावणीबाहेर रोजगार करायची त्यांना कायद्याने मोकळीक नाही. म्हणून सगळा भार त्या कार्डावर. २०२३ साली निधी आटला, तेव्हा माणशी महिन्याचे १२ डॉलर होते त्याचे मार्चमध्ये १० झाले आणि जूनमध्ये ८. आठ डॉलर म्हणजे दिवसाला २७ सेंट, आपले वीस-बावीस पेन्स. पुढे ते वाढले, पण २०२५ च्या मार्चमध्ये ६ वर आणण्याची घोषणा झाली होती. ऐन वेळी पैसा मिळाला म्हणून टळले. आणि २०२४ पासून राखाइनमध्ये पुन्हा लढाई पेटल्याने आणखी दीड लाखाच्या आसपास माणसे नव्याने आली.

आता अवघड प्रश्नाकडे येतो, कारण तो टाळून मी इथे बसलो तर तुम्ही मनात मला खोटे म्हणाल. २०१७ च्या त्याच ऑगस्टमध्ये राखाइनच्या खा माउंग सेक भागात हिंदू स्त्री-पुरुष आणि मुले मारली गेली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१८ च्या अहवालात त्याचा ठपका ‘आरसा’ या रोहिंग्या सशस्त्र गटावर ठेवला. त्या गटाने तो नाकारला. हे ज्याने वाचले त्याचा हात आखडला तर मी त्याला रागावणार नाही. माझाही आखडला होता. पण राखाइनमधून जीव घेऊन पळालेल्या शेकडो हिंदूंनाही आसरा मिळाला तो त्याच कुतुपालोंगपाशी. बंदूक चालवणारे निराळे, कार्ड घेऊन उभी असलेली सहा वर्षांची मुलगी निराळी. तिला आपण कोणत्या हत्येची शिक्षा म्हणून उपाशी ठेवणार?

आपल्या इथल्याच शीख बांधवांची खालसा एड ही संस्था २०१७ च्या सप्टेंबरमध्ये टेकनाफला पोहोचली आणि तिने तिथे लंगर लावला. भारत सरकारनेही त्याच महिन्यात तांदूळ, डाळ, साखर, तेल चितगावला पाठवले. मी मात्र बैठकीत गप्प होतो.

भृगुवल्लीत चौथ्या व्रताला एक जोड आहे. कोणालाही परत पाठवायचे नाही म्हटल्यावर घरात अन्न हवे, म्हणून ज्या त्या उपायाने पुष्कळ अन्न मिळवावे, असे ऋषी सांगतात. म्हणजे नुसती दया पुरत नाही, खटपट लागते. आमची खटपट अशी झाली. संस्थेच्या निधीला हात न लावता वेगळा डबा ठेवायचा, आणि जमेल ते कॉक्स बाजारला शिधा पुरवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला पाठवायचे. महाप्रसादाचा अंदाज यंदा माणशी मोजून धरला आहे आणि वाचलेले पैसे कार्यकर्त्यांनी आपापल्या खिशातून तिथे टाकायचे ठरवले आहे. मोदक कमी केलेले नाहीत, उगाच घाबरू नका.

डबा चपलांच्या मांडणीशेजारी आहे. पावती कोषाध्यक्ष देतील, गिफ्ट एडचा फॉर्म भरायला विसरू नका. ज्यांचा विरोध आहे त्यांनी आरतीनंतर माझ्याशी जरूर बोलावे, आणि मीही या वेळी गप्प बसणार नाही. वहिनींनी निरांजन लावले आहे. चला, आरतीला उभे राहू या.