शिफारसपत्र आणि शेजाऱ्याचे नाव

झाशी विभाग २००३ सालापर्यंत मध्य रेल्वेत मोडत असे. त्यामुळे मुंबई-भुसावळकडील नोकरदारांची तिकडे बदली होणे हे नवल नव्हते. अशा वेळी ख्रिस्ती कुटुंबाने पाळकसाहेबांचे पत्र सोबत न्यावे, ही मंडळ्यांची जुनी रीत. अनोळखी गावी त्या एका पत्राने दार उघडते. पौलानेही रोम येथील मंडळीस फिबीची अशीच शिफारस केली होती.

आज संगणकावर वा फोनवर एखाद्या संकेतस्थळात शिरताना ‘फेसबुकच्या खात्याने प्रवेश करा’ असे सुचवले जाते. हेही एक शिफारसपत्रच होय. आपला पासवर्ड त्या स्थळास कळत नाही. ओळख फेसबुक पटवून देते. सोय मोठी आहे, आणि तीत पाप नाही. मात्र पाळकसाहेबांचे पत्र आपण वाचू शकतो. येथे सोबत कोणती माहिती जाते, हे आपण क्वचितच वाचतो.

याचे मोल २०१८ साली कळले. फेसबुकच्या खात्याने उघडणाऱ्या एका व्यक्तिमत्त्व-चाचणीमार्फत सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीकडे गेली असावी, असे फेसबुकने सांगितले. भारतात ती चाचणी घेणारे होते केवळ ३३५. झळ पोहोचली असावी अशांचा अंदाज मात्र ५,६२,४५५. कारण परवानगी देणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती गेली. त्या मित्रांना कोणी विचारलेच नव्हते. फेसबुकने २०१५ साली ती वाट बंद केली. परंतु आपल्या फोनमधील इतरांची नावे व क्रमांक मागणारी अ‍ॅप आजही आहेत.

मुख्य दोष मागणाऱ्याचा, हे खरे. तरी प्रश्न उरतोच: जे माझे नाही ते देण्याचा अधिकार मला कोणी दिला? अनेसिमासाठी फिलेमोनाला लिहिताना पौलाने त्याचे देणे स्वतःच्या हिशेबी मांडावयास सांगितले. आपण मात्र आपल्या सोयीचा खर्च शेजाऱ्याच्या नावे मांडतो. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर एकदा चालेल. विचारण्याची तसदीच न घेणाऱ्यास ते शोभत नाही.

म्हणून संमती देण्यापूर्वी काय मागितले आहे ते वाचावे, अनावश्यक ते नाकारावे, जुन्या परवानग्या काढून टाकाव्यात. शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे त्याच्या नावाचीही राखण करणे नव्हे काय?