पाहुणे की प्रेक्षक?



सुटी जवळ आली की सहलींचे बेत सुरू होतात. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताळ नावाचा प्रांत आहे. (वास्को द गामा १४९७ च्या नाताळात त्या किनाऱ्यावरून गेला, म्हणून हे नाव. शब्द आपल्याच घरातला!) तिथे जाणारे पर्यटक बऱ्याचदा एकाच फेरीत दोन गोष्टी उरकतात: झुलू लोकांचे खेडे आणि जंगलातली सफारी. सकाळी माणसे पाहायची, दुपारी गेंडे.

आपल्यापैकी तिकडे जाणारे थोडेच. पण प्रश्न पारनेरचाही आहे. आपल्या तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला पाणी अडवण्याचे काम पाहायला लोक वर्षानुवर्षे आले. आणि आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखले गेले. गाव पाहणे आणि काळवीट पाहणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच का?

अभयारण्यात आपण दबक्या पावलांनी जातो. बोलत नाही, जवळ जात नाही, खायला घालत नाही. काळविटाला आपला पत्ताही लागू नये, हे उत्तम. तिथे अंतर राखणे हाच आदर. हीच रीत घेऊन गावात शिरलो, गाडीच्या काचेआडून चुलीपुढच्या बाईचा फोटो घेतला आणि एक शब्दही न बोलता पुढे गेलो, तर तोच आदर अपमान होतो. ओट्यावरची म्हातारी विचारते, "कुठले पाव्हणे?" काळवीट हे विचारत नाही. तिने विचारले की आपल्याला उत्तर द्यावे लागते. नुसते पाहत उभे राहता येत नाही.

पैसे घेऊन नाचणाऱ्या झुलू तरुणाला आम्ही नावे ठेवत नाही. त्याच्या घामाची ती कमाई आहे; आपल्याकडचे कलावंतही तिकिटावरच नाचतात. पण जो रंगमंचावर चढलेलाच नाही, त्याचे काय? अंदमानात जारवा स्त्रियांना खाण्याच्या मोबदल्यात पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत २०१२ साली जगापुढे आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला 'माणसांची सफारी' म्हटले.

इमॅन्युएल लेव्हिनास हे फ्रेंच ज्यू तत्त्वज्ञ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते. त्यांनी लिहिले आहे की छावणीजवळून जाणारी बायकामुले नजर वर करून पाहत, पण त्या नजरेत हे कैदी माणसे नसतच. मग एक भटका कुत्रा तिथे येऊ लागला. कैद्यांनी त्याचे नाव बॉबी ठेवले. कामावरून परतणाऱ्या कैद्यांना पाहून तो उड्या मारी, आनंदाने भुंके. त्याच्या लेखी ती माणसेच होती, यात शंका नव्हती. काही आठवड्यांनी पहारेकऱ्यांनी त्याला हाकलून लावले. माणसाला माणूस म्हणून ओळखायला तिथे जनावर यावे लागले!

'पाहुणा' आणि 'पाहणे' हे शब्द कानाला सख्खे वाटतात, पण त्यांची मुळे वेगळी आहेत. येशू शोमरोनी लोकांच्या गावी आला तो दमलेला, तहानलेला. विहिरीवर आलेल्या स्त्रीकडे त्याने आधी पाणी मागितले. शिकवण नंतर. पुढे गावकऱ्यांनी आग्रह केला म्हणून दोन दिवस तिथेच राहिला. यहुदी माणसाने शोमरोन्यांच्या भांड्यातून पिणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

नाताळात वस्तीवर चादरी वाटायला जायचे ठरले की फोटो कोण काढणार, याची चर्चा आधी होते. फोटोला आमचा विरोध नाही. पण त्या दिवशी वस्तीवरच्या एखाद्या घरात बसून, त्यांच्या कपातला चहा पिऊन किती जण येतील? आणि निघताना घरच्या बाईने विचारले, "आता आम्ही तुमच्याकडं कधी येऊ?" तर आपण कोणता वार सांगणार?