कान तुटलेला कप

कपाचा कान तुटला तर कप फुटला असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. फुटलेला कप केराच्या टोपलीत जातो. कान तुटलेल्या कपाला मात्र त्याच घरात दुसरा जन्म मिळतो. कुणी त्यात तुरटीचा खडा ठेवतो, कुणी दाढीचा ब्रश. देवघराच्या आसपास राहिला तर त्यात वाती जातात, मोरीच्या आसपास राहिला तर साबणाचे उरलेसुरले तुकडे. दिवाळीत तर त्याची मोठी चंगळ असते. अंगणात, आणि अंगण नसेल तर जिन्यापुढच्या हातभर जागेत, रांगोळीचे रंग घेऊन असे सहा-सात कप एका ओळीत बसलेले असतात. पण यांपैकी कुठलेच काम त्याच्या वाट्याला आले नाही, तर तो स्वयंपाकघराच्या खिडकीत, इतर कपांपासून हात-दीड हात दूर, पालथा घातलेला दिसतो. त्याच्यावर नाव लिहिलेले नसते. तो कुणाचा, हे मात्र घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. तो भांडीवाल्या बाईचा.

या खिडकीतल्या कपाविषयी मी विचार करू लागलो तो चिनी चहाच्या निमित्ताने. माझा एक भाचा कामासाठी चीनला जाऊन आला आणि येताना फुचौ शहराचा चहा व चार पेले घेऊन आला. डबा उघडताच घरात मोगरा दरवळला. आम्हांला वाटले, अत्तर घातले असेल. पण अत्तर-बित्तर काही नाही. तो खरोखरीच मोगरा. आपण ज्याचे गजरे करतो तीच फुलाची जात. दिवसा कळ्या खुडायच्या, संध्याकाळी त्या उमलू लागल्या की चहाच्या पानांत मिसळून रात्रभर ठेवायच्या, आणि सकाळी फुले चाळून बाजूला काढायची. मग पुन्हा ताजी फुले. उंची चहाला अशा कित्येक रात्री लागतात. शेवटी डब्यात राहतो तो नुसता चहा. फूल त्यातून निघून गेलेले असते.

त्या चहात दूध नाही, साखर नाही, आले नाही. आमच्या आंबिवलीत परसात किंवा डब्यात का होईना, गवती चहा लावण्याची चाल आहे. त्याचे एखादे पाते टाकावे असा मोह मला झाला आणि भाच्याने हात धरला. पाणी खळखळते नको, जरा निवलेले हवे, नाहीतर पान कडू होते. आणि एकदा पाणी ओतून पान फेकायचे नाही, त्याच पानांवर दोनदा-तीनदा पाणी घालायचे. प्रत्येक वेळी चव निराळी लागते. आपल्या चहाला उकळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि आपल्यालाही. चिनी माणसाने आपला चहा पाहिला तर तो त्याला खिरीचा प्रकार समजेल. तरी शब्द एकच. ‘चा’ तिकडचा, ‘चहा’ इकडचा.

पण मला सांगायचे आहे ते पेल्यांविषयी. त्या चारही पेल्यांना कान नव्हते. तुटले नव्हते, मुळातच नव्हते. चिनी चहाचा पेला तसाच असतो. वरची कड दोन बोटांत धरायची. बोटांना सोसवत नसेल तर जिभेलाही सोसवणार नाही, तेव्हा थोडे थांबावे, असा त्यातला हिशेब. सतराव्या शतकात हे पेले जहाजांतून युरोपात गेले तेव्हा तिकडचे सरदार-दरकदारही बिनकानाच्या पेल्यांतूनच चहा पीत. कान पुढे त्यांनी आपल्या सोयीसाठी बसवला, आणि आपल्याकडे कप आला तो साहेबाच्या हातून, कानासकट. म्हणजे ज्या अवयवाच्या अभावी आपण एका कपाला घरातल्या घरात वाळीत टाकतो, तो अवयव ज्यांनी चहा जगाला दिला त्यांच्या पेल्याला कधी आवश्यक वाटलाच नाही.

तर मग खिडकीतल्या कपाला कमीपणा येतो तो कशाने? तुटण्याने म्हणावे, तर चिनी लोक फुटलेले भांडेही टाकत नसत. हिऱ्याच्या टोकाने बारीक भोके पाडून धातूच्या टाचण्यांनी ते सांधणारे कारागीर तिकडे गावोगाव फिरत, आपल्याकडे कल्हईवाले फिरत तसे. अशा टाचण्या मारलेला एक चिनी वाडगा टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात मानाने ठेवलेला आहे. पंधराव्या शतकातल्या एका जपानी शोगुनाने तो तडकल्यावर चीनला पाठवला आणि याच्याच तोडीचा दुसरा मागितला. तसा आता होणे नाही म्हणून हाच सांधून परत आला, असे सांगतात. तेव्हा तुटणे हे कारण नव्हे. तो कप कमी ठरतो तो एका ठरावीक माणसासाठी बाजूला काढल्याने. उद्या त्याच खिडकीत कानासकटचा नवा कोरा कप ठेवला आणि तो फक्त बाईंचा असे ठरवले, तर महिन्याभरात तोही तितकाच हलका होईल.

शेजारच्या काकूंशी या विषयावर माझा वाद झाला. काकू माणूस प्रेमळ. बाईंना चहाबरोबर पोळी दिल्याशिवाय त्या राहणार नाहीत. त्या म्हणाल्या, “अहो, स्वच्छतेचा प्रश्न आहे. चार घरी फिरतात त्या.” मी म्हटले, “काकू, तुमचे सगळे कप घासते कोण?” त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तुमचं आपलं काहीतरीच.” वाद तिथेच थांबला. पण मला वाटते, काकूंना उत्तर सापडले नाही याचे कारण ते अस्तित्वातच नाही. जिच्या हातांनी कप स्वच्छ होतो तिच्या ओठांनी तो अस्वच्छ कसा होईल? आणि आणखी एक. या बाईंना आपण सगळे ‘मावशी’ म्हणतो. सख्खी मावशी टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला आली आणि वाटेत आपल्याकडे उतरली, तर खिडकीतला कप कुणी पुढे करील काय?

चहाच्या पेल्याने आपल्याकडे पूर्वीही माणसे जोखली आहेत. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक यांच्यासारख्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. नावे छापून आली आणि ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांना तेव्हा बोल लावला, अजूनही लावतात. पण ते ग्रामण्य घेणाऱ्याच्या बाजूचे होते: कुणाच्या हातचे प्यावे? देणाऱ्याच्या बाजूचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो आपल्याला फार काळ पडलाच नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, तेव्हा तो साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा राहिला. आणि त्याचे उत्तर म्हणून तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. पुढे राज्यघटनेने उपाहारगृहे सर्वांना खुली केली, १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. तरीही खेड्यांतल्या हॉटेलांत दलितांसाठी बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपबश्या त्यानंतर कैक वर्षे दिसत. त्या तरी कायद्याच्या कक्षेत होत्या. घरातल्या खिडकीला कायदा नाही. आज शहरातल्या पुष्कळ घरांत बाईंची जात कुणी विचारीत नाही. कप मात्र न विचारता वेगळा होतो.

चिनी लोक आपल्याहून थोर, असे मला सुचवायचे नाही; तिकडेही धनी आणि चाकर होतेच. परंतु त्यांची एक दंतकथा मोठी गोड आहे. च्येनलुंग बादशहा वेष पालटून फिरत असताना एका चहाच्या दुकानात शिरला आणि ओळख पटू नये म्हणून त्याने स्वतःच्या हाताने बरोबरच्या सेवकाचा पेला भरला. सेवक गडबडला. बादशहापुढे साष्टांग घालावा तर बिंग फुटते. तेव्हा त्याने दोन बोटे वाकवून मेजावर टेकवली आणि हळूच ठोकली. आजही चीनच्या दक्षिणेकडे चहा ओतणाऱ्याला लोक अशी बोटे ठोकून धन्यवाद देतात. कथा खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला एवढे कळले होते की, सेवकाचा पेला धन्याने भरला तर दोघांचीही पंचाईत होते.

आमच्याकडच्या मावशी अटाळीहून येतात. मोहन्याचा रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. आता भोवती उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्या दिवसाला पाच घरे करतात. भाच्याने आणलेला चहा मी चारही पेल्यांत ओतला आणि एक त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पेल्याकडे पाहिले, मग आमच्या हातांतल्या पेल्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “काय काका, आज सगळ्यांचेच कान तुटले का?” चहा त्यांना आवडला नाही. “फुलाचं पाणी आहे नुसतं,” असा त्यांनी निकाल दिला आणि गॅसवर दुधाचे आधण ठेवून स्वतःसाठी दुसरा केला. आमच्यासाठीही केला.

पाचांपैकी कोणत्या घरचा चहा चांगला असतो, असे मी त्यांना विचारले. चौथ्या मजल्यावरचा, म्हणाल्या. तिथे आले भरपूर घालतात. आता चौथ्या मजल्यावर त्यांना खिडकीतला कप मिळतो, हे मला ठाऊक होते. “आणि कपाचे काय?” मी विचारले.

“त्याचं काय, काका? तो मीच घासते आणि मीच पिते. तेवढ्या घरात तोच एक कप मला खात्रीचा.”